घाटवाटेवरची हत्यारपेटी

बोरघाटाचा इतिहास आजवर प्रामुख्याने रस्ता आणि लोहमार्ग बांधणाऱ्यांच्या अंगाने लिहिला गेला असून, त्या वाटेने माल नेणाऱ्यांनी वाटेत काही मोडल्यास ते सांधण्यासाठी सोबत काय बाळगले, याकडे अभ्यासकांचे क्वचितच लक्ष गेले आहे. वास्तविक गाडीवानाची किंवा ट्रकचालकाची हत्यारपेटी हा त्या-त्या काळातील रस्त्याविषयीचा बराच विश्वासार्ह पुरावा ठरतो, कारण जे वाटेत मिळण्याची खात्री नाही तेच माणूस ओझे सोसून सोबत घेतो, आणि जे हाकेच्या अंतरावर मिळू लागते ते पेटीतून आपोआप बाहेर पडते.

पेशवाईच्या अखेरपर्यंत या घाटातील बराचसा माल बैलांच्या पाठीवरून जात असे, त्यामुळे चाकाच्या दुरुस्तीचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी नोव्हेंबर 1830 मध्ये घाटातील गाडीरस्ता खुला केला आणि चाकाबरोबर चाकाच्या खोडीही मावळात आल्या. वंगणाने भरलेली नळी, जादा दोर आणि आखातून, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यातून, चाक निसटू नये म्हणून ठोकायची खीळ, एवढ्यावर गाडीवानाचे भागत असे; चाकावरची लोखंडी धाव सैल झाली किंवा आरा मोडला, तर मात्र सुतार-लोहाराचे गाव गाठण्यावाचून गत्यंतर नसे. 1863 मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला, लांब पल्ल्याचा बराच माल रेल्वेकडे वळला आणि लोणावळ्यात इंजिनांच्या दुरुस्तीची कर्मशाळा उभी राहिली. पण ती रेल्वेची होती, रस्त्यावरच्या गाडीवानाला तिचा उपयोग नव्हता.

विसाव्या शतकात मालमोटारी आल्या तेव्हा पेटीचे स्वरूप मुळातूनच बदलले. सुरुवातीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या घाट चढताना तापत, रेडिएटरमधील पाणी उकळे आणि इंधनाच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. म्हणून पाण्याचा डबा आणि पंपावर ओले करून टाकायचे फडके या दोन गोष्टींना पान्यांइतकेच महत्त्व होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या निकाली काढलेल्या गाड्या नागरी वाहतुकीत उतरल्या. त्यांचे बोल्ट इंचांच्या मापाचे असल्याने, 1954 मध्ये टेल्को आणि डाइमलर-बेंझ या कंपन्यांच्या करारातून मिलिमीटरच्या मापाचे ट्रक देशात तयार होऊ लागल्यावर, दोन्ही प्रकारच्या गाड्या हाताळणाऱ्या मिस्त्र्याला पान्यांचे दोन संच ठेवणे भाग पडले. 10-11, 12-13, 14-15 अशा जोडमापांचे दुतोंडी पाने मात्र पुढे इतके रुळले की इंचाचे पाने पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातल्या लोखंडाच्या ढिगात जाऊन पडले.

डिझेल इंजिनाने नवी विद्या शिकवली. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की इंधनाच्या नळीत हवा शिरते आणि इंजिन बंद पडते. चालकांच्या बोलीत गाडी ‘एअर घेते’. अशा वेळी फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून इंधनपंपाला जोडलेला छोटा हातपंप दाबत राहावे लागते. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी बुडबुड्याविना सलग धार लागली की पंप न थांबवता स्क्रू आवळायचा असतो. एका पान्यात होणारे हे काम ज्या क्लीनरला येई, त्याची चालक होण्याकडे वाटचाल सुरू झाली असे समजायला हरकत नसे.

घाटाने सर्वाधिक परीक्षा पाहिली ती पाट्यांची. पाटे म्हणजे एकावर एक रचून मध्यभागी सेंटर बोल्टने जखडलेल्या आणि यू-बोल्टने आखाला आवळलेल्या पोलादी पट्ट्या. त्यांतला सर्वांत लांब मुख्य पाटा तुटला तर आख जागचा सरकतो आणि गाडी एका अंगाला कलते. म्हणून दूरच्या फेरीला निघणारे चालक जादा पाटा, सेंटर बोल्ट आणि लाकडी ठोकळा सोबत ठेवत. पाटा बदलणे शक्य नसेल तर आख आणि चेसिस यांच्यामध्ये ठोकळा बसवून साखळीने आवळत आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी कामशेत किंवा वडगावपर्यंत रेटत नेत. डिझेलची टाकी पाझरू लागल्यास भेगेवर कपडे धुण्याचा साबण घासून भरत, कारण साबण डिझेलमध्ये सहजी विरघळत नाही. रेडिएटरच्या बारीक छिद्रासाठी पाण्यात हळद टाकत. तिचे कण छिद्रात साचून गळती काही काळ थांबते, पण तेच कण आतल्या अरुंद नळ्याही तुंबवतात, तेव्हा या उपायाची जेवढी ख्याती आहे तेवढी त्याची योग्यता नाही. दोन धातुभागांमधील फटीतून तेल गळू नये म्हणून बसवायचे गॅस्केट तर जागीच तयार होई: जाड पुठ्ठा भागावर धरून कडेकडेने हातोडीचे हलके ठोके दिले की धातूच्या धारेवर पुठ्ठा आपसूक कापला जाई आणि बोल्टची भोकेही त्याच रीतीने पडत. या कौशल्याचे कौतुक करताना एका वाईट सवयीकडे डोळेझाक करता येत नाही. चढावर चाकामागे लावलेले दगड काम झाल्यावर तसेच रस्त्यात सोडून जाण्याने मागून येणाऱ्यांचा जीव धोक्यात येत असे.

1966 मध्ये टेल्कोचा पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाना उभा राहिला. घाटातून ये-जा करणारे ट्रक बहुतांशी मोजक्याच प्रकारचे असल्याने एका गाडीचा फॅन बेल्ट दुसरीला चाले, आणि अडलेल्या चालकाला येणाऱ्या ट्रकला हात केला तरी सुटा भाग उसना मिळण्याची आशा असे. पुण्याच्या नाना पेठेतही सुट्या भागांची बाजारपेठ फोफावली, त्यामुळे पेटी हळूहळू हलकी झाली.

2002 मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने हा व्यवहार आणखी बदलला, कारण तेथे वाहन उभे करून काम काढणे धोक्याचे असून बंद पडलेला ट्रक क्रेनने हलवावा लागतो. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषणविषयक मानकाच्या इंजिनांत इंधनाचे आणि धुराचे नियंत्रण संगणकीय असल्याने बिघाड शोधायला पान्याआधी निदानयंत्र जोडावे लागते, आणि ते चालकाच्या पेटीत नसते. चाके, टायर आणि पाटे यांची गोष्ट वेगळी. त्यांचा बिघाड आजही डोळ्यांना दिसतो आणि हाताने काढता येतो, म्हणून जॅक, टॉमी, चाकाचा पाना आणि लाकडी ठोकळा ही हत्यारे पेटीत टिकून आहेत, आणि जुन्या महामार्गाच्या कडेने पंक्चर काढणाऱ्यांची व पाट्यांची कामे करणाऱ्यांची दुकानेही.