गिटारच्या तारा आणि काळवंडणारी बोटे

ब्राँझच्या नव्या तारा चढवून तासभर गिटार वाजवली, की डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर करडे-काळे, कधी हिरवट डाग उमटतात. हे डाग तांब्याचे आणि लोखंडाचे असतात. गिटारच्या इतिहासात ते बरेच उशिरा आले. त्याआधी शेकडो वर्षे या वाद्यावर मुख्यतः धातूची तार नव्हे, तर मेंढीच्या आतड्याची तात चढवली जात होती.

तात तयार करणे हा इटलीतला जुना धंदा. आब्रुत्सी प्रदेशातल्या सॅले या डोंगराळ गावातली अनेक घराणी तो पिढ्यान्‌पिढ्या करत होती. आतडी धुऊन, खरवडून, ओली असतानाच पिळत आणि ताणून वाळवत. मग घासून गुळगुळीत करत. अशा तातेने बोटांना घट्टे पडत, पण डाग पडत नसे. तिची अडचण वेगळी होती. खर्जाच्या सुरासाठी तात फार जाड करावी लागे, आणि जाड तातेचा आवाज बोदा निघे. १६६४ मध्ये लंडनच्या जॉन प्लेफोर्ड यांच्या संगीतविषयक पुस्तकातल्या जाहिरातीत यावरचा उपाय दिसतो: तातेवर किंवा रेशमावर बारीक तारेचे वेढे देणे. त्यामुळे जाडी न वाढवता वजन वाढले. एकोणिसाव्या शतकातल्या गिटारवर वरच्या तीन तारा आतड्याच्या असत आणि खालच्या तीन रेशमावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून केलेल्या. मुलामा झिजला की खालचे तांबे बोटाला लागू लागे. पोलादाच्या आधी गिटारवादकाच्या बोटांना धातू लागे तो बहुतेक एवढाच.

पोलादी तारेचा रस्ता पियानोने मोकळा केला. १८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी अतिशय चिवट पोलादी तारेचे पेटंट घेतले. अशी तार ताणली तरी सहसा तुटत नसे, शिवाय आवाज मोठा देई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बँजो आणि मँडोलिनच्या बरोबरीने ऐकू जाईल अशी गिटार हवी होती, आणि पोलादी तार तातेपेक्षा स्वस्तही होती. त्यात १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनाने हवाई बेटांच्या संगीताचे वेड अमेरिकाभर पसरवले. ते संगीत पोलादी तारांवरच वाजे. अडथळा वाद्याच्या बांधणीचा होता: तातेच्या बेताने बनवलेली पातळ तबकडी पोलादाचा ताण सोसत नसे, घोडी उखडून येई. पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिन कंपनीने १९२०च्या दशकात आतल्या पट्ट्या मजबूत केल्या आणि पोलादी तारा तिच्या गिटारवर नेहमीच्या झाल्या.

आता खर्जाच्या तारांना पोलादाचा गाभा मिळाला आणि वेढे कोणत्या धातूचे द्यायचे हा प्रश्न आला. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कचे गिटार कारागीर जॉन डी'अँजेलिको आणि सॅलेहून आलेल्या तातकऱ्यांच्या घराण्यातले जॉन डी'अ‍ॅडारिओ यांनी ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असा मिश्रधातू निवडला. बाजारात तो ब्राँझ म्हणून विकला जातो, पण घडणीने तो पितळच. १९७४ मध्ये याच घराण्याने फॉस्फर ब्राँझ आणले: सुमारे ९२ टक्के तांबे, ८ टक्के कथील आणि फॉस्फरसचा अंश. आवाज अधिक उबदार झाला, तांबेही वाढले. अकूस्टिक गिटारच्या वेढ्यांत आज याच दोन धातूंचे राज्य आहे, आणि दोन्हींत पाच भागांपैकी किमान चार भाग तांब्याचे असतात.

घामात मीठ, लॅक्टिक आम्ल आणि त्वचेच्या तेलातली मेदाम्ले असतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तीच क्रिया बोट आणि तार यांच्यामध्ये घडते. आम्ल आणि क्षार तांबे सोडवून घेतात. त्यातून होणारे तांब्याचे क्षार हिरवे-निळे असतात, तर ऑक्साइड आणि सल्फाइड काळे. नव्या तारेचा पृष्ठभाग उघडा आणि चकचकीत असतो, हवेने त्यावर अजून स्थिर थर चढलेला नसतो. शिवाय तार ओढताना वापरलेल्या वंगणाचा अंश आणि बारीक धातूची पूड वेढ्यांच्या खाचांत राहिलेली असते. पहिल्या काही बैठकांत हे सारे बोटाच्या रेषांत बसते. डाग घट्ट्याच्या मृत कातडीतच राहतो आणि साबणाने दोन-चार धुण्यांत जातो. त्यामुळे हा तारेच्या हलक्या प्रतीचा पुरावा मानणे चुकीचे आहे. घामाची आम्लता माणसागणिक बदलते, म्हणून एकाच जोडाच्या तारा एकाची बोटे लगेच काळी करतात आणि दुसऱ्याची नाही.

वरच्या दोन साध्या तारांवर बहुधा कथलाचा मुलामा असतो. तो घासला की खालचे पोलाद गंजते आणि करडी पूड बोटांवर येते. इलेक्ट्रिक गिटारला चुंबकाला प्रतिसाद देणारी तार लागते, म्हणून तिथे निकेल किंवा निकेलचा मुलामा असलेले पोलाद असते. त्याचा डाग हिरवट नसून काळपट. नव्या गिटारवर काळ्या रंगाने रंगवलेला फ्रेटबोर्डही बोटे काळी करू शकतो, तेव्हा दोष तारेचा नसतो. वाजवल्यावर बोटांना येणारा धातूचा वास मात्र धातूचा नव्हे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की लोखंड घामाच्या संपर्कात आले की त्वचेवरच्या मेदातून बाष्पशील संयुगे तयार होतात आणि तो वास त्यांचा असतो. बोटे काळी होणे सतारियांना नवे नाही. पोलादी तारेवर मींड ओढताना तर्जनी आणि मध्यमेवर काळी रेघ पडते, आणि बोट सहज सरकावे म्हणून तेल लावण्याची रीत त्यांच्यात आहे.

डाग टाळण्याचा पहिला मार्ग दुसऱ्या महायुद्धाने दिला. शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याची मागणी वाढली आणि गिटारवाल्यांना तात मिळेना. न्यूयॉर्कचे कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉन वापरून पाहिले, आंद्रेस सेगोव्हिया यांनी ते उचलून धरले, आणि शास्त्रीय गिटारवर तातेची जागा नायलॉनने घेतली. पोलादी गिटारला उत्तर १९९७ मध्ये मिळाले. डब्ल्यू. एल. गोर कंपनीचे अभियंता डेव्ह मायर्स यांनी सायकलच्या केबलवर केलेला पॉलिमरच्या लेपाचा प्रयोग तारांवर नेला, त्यातून एलिक्सिर या लेपित तारा निघाल्या. लेप घामाला वेढ्यांत शिरू देत नाही, त्यामुळे तार जास्त टिकते. या तारा साध्या तारांपेक्षा महाग असतात. सतत घर्षण होते तिथे, विशेषतः नखीच्या माऱ्याखाली, लेप झिजून सुटतो आणि त्याचे पांढरट तंतू दिसू लागतात. पडद्यांवर लेप गेला की उघडे पडलेले तांबे पुन्हा घामाशी क्रिया करू लागते.