पाहुण्यांसाठी घेतलेले सोंग

दुसऱ्या महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या युरोपला सावरण्यासाठी अमेरिकेने १९४८ साली मार्शल योजना अमलात आणली. चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर्स युरोपात ओतले गेले. युद्धात हरलेल्या इटलीला आणि पश्चिम जर्मनीलाही त्यातला वाटा मिळाला. स्पेन मात्र कोरडा राहिला. हिटलर आणि मुसोलिनी यांच्या साहाय्याने यादवी युद्ध जिंकून १९३९ मध्ये सत्तेवर आलेल्या फ्रँकोला त्या वेळी कुणी पंक्तीला घ्यायला तयार नव्हते. देशात धान्य शिधापत्रिकेवर मिळत होते आणि ती व्यवस्था १९५२ पर्यंत चालली. शेजारच्या घरी पंगत उठते आहे आणि आपल्याला आवतणच नाही, अशा अवस्थेतील त्या देशात १९५३ साली एक विनोदी चित्रपट निघाला: ‘बिएनवेनीदो, मिस्टर मार्शल’, अर्थात ‘या, या, मार्शलसाहेब’.

दिग्दर्शक लुईस गार्सिया बेर्लांगा तेव्हा अवघ्या बत्तिशीत होते. कथा त्यांनी हुआन आंतोनियो बार्देम यांच्यासह रचली आणि संवादांना मिगेल मिउरा या नामांकित विनोदी नाटककाराचा हात लागला. कथा साधीच आहे. बियार देल रिओ हे कास्तिल प्रांतातले धुळीचे, दरिद्री खेडे. एके दिवशी सरकारी अधिकारी येऊन वर्दी देतो की अमेरिकन पाहुणे या वाटेने येणार आहेत, त्यांचे थाटात स्वागत झाले पाहिजे. कसे करायचे ते मात्र सांगत नाही. साहेब लोक कधीच सांगत नाहीत! कानाने अधू असलेला वयस्क अल्काल्दे, म्हणजे गावचा नगराध्यक्ष, गोंधळून जातो. त्या वेळी मानोलो नावाचा एक बोलघेवडा इसम एका आंदालुसियन गायिकेला घेऊन गावात मुक्कामाला असतो. आपण अमेरिका पाहिली आहे, असे तो छातीठोकपणे सांगतो. त्याच्या मते अमेरिकनांना स्पेन म्हणजे आंदालुसिया एवढेच ठाऊक. तेव्हा गावाने आंदालुसियन व्हावे!

येथे थोडा खुलासा हवा. आंदालुसिया हा स्पेनचा दक्षिणेकडील प्रांत: पांढरीशुभ्र घरे, झालरींचे घागरे, गिटार आणि फ्लामेंको. कास्तिल हा मधला पठारी, रुक्ष, अबोल मुलूख. दोघांची बोलण्याची ढब वेगळी, पोशाख वेगळा, गाणे वेगळे. चित्रपटात मातीच्या भिंतींपुढे पांढऱ्या घरांचे देखावे उभे राहतात, शेतकरी रुंद काठाच्या टोप्या घालतात, स्वागतगीताची तालीम होते आणि हा सारा खर्च उधारीवर चालतो. मग चौकात मेज मांडून गावकऱ्यांची रांग लावली जाते. अमेरिकनांकडून काय हवे ते प्रत्येकाने सांगायचे, पण माणशी एकच वस्तू. आमच्या मते सबंध चित्रपटाचा प्राण या प्रसंगात आहे. आयुष्यभर कुणी ‘तुला काय हवे’ असे विचारलेच नाही, त्या माणसांना आता एकच गोष्ट निवडायची आहे! प्रेक्षक हसतो खरा, पण त्या हसण्याला ओल असते.

त्या रात्री गाव स्वप्ने पाहते. अल्काल्दे अमेरिकन ‘वेस्टर्न’मधला शेरीफ होतो, एका शेतकऱ्याला विमानातून हवाई छत्रीने उतरणारा ट्रॅक्टर दिसतो, पाद्रीबोवा थेट अमेरिकन न्यायासनापुढे उभे राहतात. शाळामास्तरणीचे स्वप्नही संहितेत होते, परंतु सेन्सॉरने ते होऊ दिले नाही. उजाडल्यावर गाव नटूनथटून रस्त्याच्या दुतर्फा उभे राहते. मोटारींचा ताफा येतो, धुरळा उडवतो आणि न थांबता निघून जातो. उरते ते कर्ज. ते फेडायला कुणी बटाटे आणतो, कुणी धान्य. ज्या वृद्ध जमीनदाराचा या सोंगाला पहिल्यापासून विरोध होता, तोही आपली वडिलोपार्जित तलवार आणून ठेवतो.

यातला खरा विनोद पडद्यामागे घडला होता. निर्मितीसंस्थेला लोलिता सेव्हिया या गायिकेसाठी आंदालुसियन गाण्यांचा चित्रपट हवा होता, कारण त्या काळी तसे चित्रपट चालत. लेखकांनी ही अट मानली आणि तिलाच कथेचा विषय केला. गावाने जे सोंग घेतले, ते मुळात चित्रपटावरच लादले गेले होते! वस्तुतः सबंध राज्यव्यवस्था त्याच वाटेने चालली होती. १९५१ साली स्पेनमध्ये एक नवे मंत्रालय स्थापन झाले: माहिती आणि पर्यटन. परदेशी पाहुण्यांना आवाहन करणे आणि देशी लेखकांच्या ओळी खोडणे, ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे होती.

कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, पण तेथेही एक नाट्य घडले. अमेरिकेचा कागदी झेंडा गटारीच्या पाण्यातून वाहत जातो, या दृश्यावर परीक्षक मंडळातील हॉलिवूडचे नट एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी हरकत घेतली. गावाच्या कर्जाबद्दल मात्र कुणाची हरकत नव्हती.

बेर्लांगा यांनी हा धागा सोडला नाही. १९५७ च्या ‘लोस हुएवेस, मिलाग्रो’ (दर गुरुवारी चमत्कार) या चित्रपटातले गाव औषधी पाण्याच्या झऱ्यांवर जगणारे आहे. गिऱ्हाईक तुटल्यामुळे तेथील प्रतिष्ठित मंडळी संत दिमास यांच्या दर्शनाचा बनाव रचतात. धर्माशी खेळ म्हटल्यावर सेन्सॉरने संहितेची इतकी मोडतोड केली की दिग्दर्शकाला स्वतःची कृती ओळखणे अवघड व्हावे. पुढे पर्यटक खरोखरच आले: १९६० साली सुमारे ६० लाख, तर १९७३ मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख. त्यांना विकला गेला तो स्पेन बहुतांशी मानोलोच्या कल्पनेतलाच होता.

आम्हां बाहेर स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हा प्रकार अगदीच परका नाही. सांस्कृतिक मेळाव्यात ‘मराठी लोकांचे काहीतरी’ हवे असते, तेव्हा चार पिढ्यांत ज्या घरात कुणी लेझीम हाती धरली नाही, तेथल्या मुलांना फेटे बांधून उभे केले जाते. आम्हीही तसे उभे राहिलो आहोत, टाळ्याही मिळाल्या. आमच्या घरातली बोली, तिच्यात मिसळलेले इथले शब्द, आजीच्या हातची आमटी यांविषयी त्या मेळाव्यात कुणी विचारले नाही, आणि आम्हीही आपण होऊन सांगितले नाही.

या चित्रपटाचा पहिला खेळ माद्रिदमध्ये एप्रिल १९५३ मध्ये झाला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला स्पेन आणि अमेरिका यांच्यात करार झाला. पाहुणे या वेळी थांबले. मदतीच्या बदल्यात त्यांना लष्करी तळांसाठी जागा मिळाल्या: माद्रिदजवळ तोर्रेहोन, सारागोसा, मोरोन आणि रोता. यांपैकी शेवटची दोन ठिकाणे खऱ्याखुऱ्या आंदालुसियात आहेत आणि तेथे अमेरिकन अजूनही आहेत.