मुंबई इलाख्याची पहिली 'मालकमपेठ'

महाबळेश्वरला जाणारा पर्यटक ज्या बाजारपेठेत चणे आणि चप्पल विकत घेतो, त्या वस्तीचे मूळ नाव मालकमपेठ. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून ते पडले. शहर त्यांनीच वसविले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

कृष्णेचे उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वर त्याआधी शतकानुशतके नांदत होते. डोंगरात कोळी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड राहत. इंग्रजांची नवी वस्ती क्षेत्रापासून काही अंतरावर उभी राहिली. 1824 मध्ये साताऱ्याच्या छावणीतील पीटर लॉडविक हा अधिकारी डोंगर चढून आला. येथे पोहोचलेला पहिला युरोपियन म्हणून त्याची नोंद आहे. पूर्वीचा सिडनी पॉइंट आज त्याच्या नावाने ओळखला जातो व 1874 मध्ये उभारलेला त्याचा स्मारकस्तंभही तेथे आहे.

खरी सुरुवात झाली ती घर आणि रस्ता यांपासून. साताऱ्याचे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी 1826 मध्ये येथे एक बंगली बांधली आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता करण्यास राजी केले. रस्ता महाराजांचा, बंगली रेसिडेंटची! 1828 मध्ये माल्कम आले. त्यांनी आजारी युरोपियन सैनिकांसाठी आरोग्यधाम सुरू केले. पुढल्याच वर्षी करार होऊन महाराजांनी हा डोंगर कंपनीला दिला व मोबदल्यात वाई भागातील खंडाळा गाव घेतले. माल्कम यांचा 'माउंट शार्लट' हा बंगला या वस्तीतील आरंभीच्या घरांपैकी एक.

ही घरे थाटाची नव्हती. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते छप्पर, पुढे रुंद व्हरांडा. साडेचार हजार फुटांवरील या माथ्यावर वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. म्हणून जूनमध्ये मालक घर बंद करून खाली उतरत आणि भिंतींना गवताच्या ताट्या बांधल्या जात. वर्षातील चार महिने ही पेठ माळ्याच्या आणि चौकीदाराच्या हवाली असे. (त्यांची नावे बंगल्यांच्या इतिहासात शोधूनही सापडत नाहीत.)

आणखी एक वस्ती विसरून चालणार नाही. मलाया किनाऱ्याच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या चिनी कैद्यांसाठी येथे तुरुंग होता. तो 1864 मध्ये बंद झाला. रस्ते करण्याबरोबरच या कैद्यांनी बागा फुलविल्या. बटाटा व भाजीपाला यांची लागवड वाढविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मुदत संपल्यावर त्यांपैकी काही जण येथेच स्थिरावले.

वेण्णा तलाव 1842 चा, तोही सातारच्या राजानेच बांधविलेला. मात्र तोवर गादीवर प्रतापसिंह नव्हते. 1839 मध्ये कंपनी सरकारने त्यांना पदच्युत करून काशीला धाडले होते व तेथेच 1847 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या रस्त्याने साहेबांची बिऱ्हाडे वर येत राहिली, तो बांधून देणाऱ्या राजाला तो पुन्हा पाहता आला नाही.