ग्वादालाहारा, एप्रिल 1992: तीन दिवस वास येत होता

त्याआधीची काही वर्षे
मेक्सिकोच्या हालिस्को राज्याची राजधानी ग्वादालाहारा. सालामांकाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून शहराकडे पेट्रोल आणणारी पोलादी पाइपलाइन जमिनीखाली होती. ती पेमेक्स या सरकारी तेल कंपनीची. पुढे पाणीपुरवठ्यासाठी जस्ताचा लेप दिलेला नवा नळ तिच्या अगदी जवळून टाकला गेला. नळ टाकणाऱ्यांना पाणी पोचवायचे होते, त्यात गैर काहीच नव्हते. पण वेगवेगळ्या धातूंचे दोन नळ ओल्या मातीत जवळ आले, की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि धातू झिजू लागतो. पोलादी पाइपला आतल्या आत भोक पडले. गळणारे पेट्रोल मातीतून झिरपत मुख्य गटारात उतरले.

दुसरे काम भुयारी रेल्वेचे. बोगद्याला वाट देण्यासाठी हे गटार एका ठिकाणी बोगद्याखालून वळवले होते: खाली उतरायचे आणि पलीकडे पुन्हा वर यायचे. अशा वळणात पाणी कायम भरून राहते. सांडपाणी त्यातून पुढे सरकते, वायूला मात्र वाट मिळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वळणाच्या अलीकडे, वस्तीच्या पायाखाली साचत गेली. दोन्ही कामे सार्वजनिक आणि दोन्ही गरजेची. जमिनीखालचे सगळे नळ एकाच नकाशावर मांडून कोणी पाहिले असते, तर धोका कागदावरच दिसला असता.

रविवार, 19 एप्रिल
ईस्टरचा दिवस. रेफोर्मा विभागातले रहिवासी तक्रार करू लागले, की गटारातून पेट्रोलसारखा उग्र वास येतो आहे. काही घरांत तर नळाच्या पाण्यालाच पेट्रोलचा वास होता.

सोमवार, 20 एप्रिल
वास वाढला. डोळे चुरचुरू लागले, घसा जळजळू लागला, काहींना मळमळू लागले. मॅनहोलमधून वाफा निघताना लोक पाहत होते.

मंगळवार, 21 एप्रिल
या दिवशी सगळे काही हातात होते. पाणी-गटार खात्याचे कर्मचारी आले, झाकणे उघडली, मोजमाप झाले. गटारात पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण धोकादायक निघाले. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते. हे त्या वेळीही सर्वज्ञात होते. अग्निशमन दलातल्या नवशिक्यालाही ते ठाऊक असते. त्या दिवशी वस्ती रिकामी केली असती, तर घरे कदाचित गेली असती, माणसे वाचली असती. पण महापौर एन्रिके दाउ फ्लोरेस यांच्या मते स्फोटाचा धोका नव्हता. स्थलांतराचा आदेश निघाला नाही.

‘सिग्लो 21’ या स्थानिक दैनिकाची तरुण वार्ताहर आलेहांद्रा झानिक मात्र या वासाच्या मागावर होती.

बुधवार, 22 एप्रिल, सकाळ
तिची बातमी छापून आली. गटारात स्फोटक वायू आहे, हे आता शहराला वाचायला मिळाले. ईस्टरची सुटी असल्याने मुले घरीच होती.

10:05 च्या सुमारास
पहिला स्फोट.

10:08 च्या सुमारास
दुसरा स्फोट. त्यानंतर स्फोट गटाराच्या मार्गाने पुढे सरकत गेले. गांते रस्ता उभाच्या उभा फाटला. डांबर, फरशा, मोटारी, बस हवेत उडाल्या आणि घरांवर आदळल्या. बाँब एका जागी फुटतो, माणूस तिथून लांब पळू शकतो. इथे रस्ताच फुटत होता आणि पळायला रस्ताच लागतो. पुढचा तुकडा कुठला, हे पळणाऱ्यांना कळायला मार्ग नव्हता.

11:15 पर्यंत
तासाभराहून अधिक काळ एकामागून एक स्फोट होत राहिले. सुमारे 8 किलोमीटर रस्ते उखडले. जिथे वाहने धावत होती तिथे खोल चर पडले. आता वस्त्या रिकाम्या करण्याचे आदेश सुटू लागले. शेजारी शेजाऱ्यांना हातांनी ढिगारे उपसून बाहेर काढत होते.

त्यानंतर
मृतांचा अधिकृत आकडा 200 च्या वर गेला. खरा आकडा याहून मोठा आहे, असे वाचलेले लोक आजही सांगतात. सुमारे 15,000 माणसे बेघर झाली. पेमेक्सने आधी खाद्यतेलाच्या एका कारखान्यातून सुटलेल्या हेक्सेनकडे बोट दाखवले. तपासात मात्र गळका पाइप सापडला. महापौरांना पायउतार व्हावे लागले, राज्यपालांनीही पद सोडले. पेमेक्सच्या चार अधिकाऱ्यांवर निष्काळजीपणाचे आरोप ठेवले गेले आणि अखेर चौघेही सुटले. झानिकला त्या वार्तांकनासाठी मेक्सिकोचा राष्ट्रीय पत्रकारिता पुरस्कार मिळाला.

माझ्या मते या शहराचा घात भोकाने जितका केला, तितकाच मंगळवारच्या त्या निर्णयाने केला. गळतीचा ठावठिकाणा तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, हे मान्य. पण लोकांना घराबाहेर काढायला तो ठाऊक असण्याची गरज नव्हती. वास होता, मोजमाप होते, एवढे पुरेसे होते.

खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते कळावे, म्हणून आपल्याकडे खोदाई करणाऱ्या यंत्रणांसाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदण्याआधी विचारणे महामार्गाइतकेच बंगल्यामागच्या बागेसाठीही मनावर घ्यायला हवे. अंगणात कारंजे किंवा कमळाचे तळे बांधायचे असेल, तर पहिली कुदळ मारण्याआधी गॅस कंपनीला, पाणीपुरवठा विभागाला आणि वीज कंपनीला विचारा. सोसायटीचा ड्रेनेजचा नकाशा मागून घ्या. खाली नळ असेल तर जागा बदला. वरून काँक्रीट ओतले की गळती शोधणे अवघड होते आणि दुरुस्ती त्याहून अवघड. आणि कधी गटारातून किंवा जमिनीतून गॅसचा, पेट्रोलचा वास आला, तर विजेचे बटण दाबू नका, काडी पेटवू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि लांब गेल्यावर अग्निशमन दलाला 101 वर फोन करा. धोका नाही असे कोणी सांगितले, तर किती प्रमाण मोजले ते विचारा.