प्रगतिपट्टीची कुळकथा

पडद्यावर डावीकडून उजवीकडे भरत जाणाऱ्या पट्टीचे मूळ कागदावर सापडते. पोलंडचे अभियंते कारोल आदामीएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास कारखान्यातील कामांचा आलेख मांडला. पुढे अमेरिकेत हेन्री गँट यांचे तक्ते रूढ झाले. काम एकूण किती आणि झाले किती, हे रेषेच्या लांबीवरून कळावे, हा त्यामागचा विचार. संगणकाच्या बाबतीत त्याचे महत्त्व ब्रॅड मायर्स यांनी १९८५ च्या शोधनिबंधात प्रयोगाने दाखवले: यंत्र अडकले की चालू आहे हे कळवणारी पट्टी भाग घेणाऱ्या बहुतेकांना हवीशी वाटली. म्हणजे ही पट्टी जन्माने मोजमाप आहे, आणि मोजमापाला अंशाइतकाच छेदही लागतो.

वेबवर नेमका हा छेदच निसटला. १९९३ च्या मोझेइक ब्राउझरमधला फिरता पृथ्वीगोल ‘काहीतरी चालू आहे’ एवढेच सांगे, आणि तेवढेच सांगणे रास्त होते. वेबपान ही एकच फाइल नसते. आधी एचटीएमएल येते. ते वाचल्यावर कोणती चित्रे आणि स्क्रिप्ट मागवायची हे ब्राउझरला कळते, आणि त्या स्क्रिप्ट आणखी मागण्या करतात. एकेका फाइलचा आकार सर्व्हर आधी कळवू शकतो. पण एचटीटीपी १.१ मध्ये आकार न सांगता तुकड्यातुकड्यांनी मजकूर पाठवण्याचीही सोय आहे. तरीही २०१३ च्या सुमारास पानाच्या माथ्यावरची बारीक रेघ लोकप्रिय झाली. एनप्रोग्रेस या लायब्ररीत ती रेघ यादृच्छिक पावलांनी आपोआप पुढे सरकवण्याची सोय होती. मापाची जागा आभासाने घेतली.

यावर आक्षेप असा, की वाट पाहणाऱ्याला धीर मिळाला तर बिघडले काय? ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की शेवटाकडे वेग घेणारी पट्टी तेवढ्याच वेळात भरली तरी जलद वाटते. हे खरे आहे. पण तिथे काम खरोखर पूर्ण होत असते, फक्त चाल बदललेली असते. नेटवर्क तुटल्यावरही सरकणारी रेघ वेगळी: थांबावे की पान पुन्हा उघडावे, या निर्णयासाठी लागणारी माहितीच ती हिरावून घेते. मंद जोडणीवर तो निर्णय फार महत्त्वाचा असतो. शिवाय प्रामाणिक पर्याय हाताशी आहे. एचटीएमएल५ च्या ‘प्रोग्रेस’ घटकाला मूल्य दिले नाही, तर ब्राउझर टक्केवारीविना नुसती हालचाल दाखवतो. एकूण आकार ठाऊक असेल तिथे टक्के दाखवा. नसेल तिथे हालचाल पुरे, आणि काम अडले की ते स्पष्ट शब्दांत सांगा.