पहिली चूक कोणाच्या अंगावर?

नवशिक्या न्हाव्याने वस्तरा प्रथम आपल्याच गालावर चालवून पाहावा, असे आपल्यापैकी कोणास वाटेल? मग नवशिक्या शल्यवैद्याची पहिली चूक कोणी सोसावयाची? हा प्रश्न फार जुना आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सबंध याच प्रश्नाला वाहिलेला आहे. सरावाला तेथे ‘योग्या’ म्हटले आहे. कापणे शिकावयाचे ते कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. शीर वेधणे मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठावर. टाके घालणे जाड कापडावर व मऊ चामड्यावर. पट्टी बांधणे माणसाच्या बाहुल्यावर. शास्त्र कितीही पढलेला असो, ज्याने योग्या केली नाही तो कामास अयोग्य, असा संहितेचा निर्वाळा आहे.

1985 साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी पोट मोठे न चिरता, दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. पुढे ही रीत जगभर पसरली आणि शल्यवैद्य पोटाऐवजी पडद्याकडे पाहू लागला. पडदा सपाट, त्यावर खोली नीट उमगत नाही. उपकरण पोटाच्या भिंतीतील छिद्राशी टेकून फिरते, म्हणून हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते. हे भोपळ्यावर कसे शिकावे?

त्यासाठी संगणक आला. 2002 साली अमेरिकेत येल येथे 16 शिकाऊ शल्यवैद्यांची परीक्षा झाली. निम्म्यांनी आधी आभासी सराव केला होता. तोही पोटाच्या चित्रावर नव्हे, साध्या गोळ्याठोकळ्यांवर! तरी त्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम 29 टक्के लवकर केले. सराव नसलेल्यांकडून इजा होण्याचा संभव पाचपट ठरला. त्याच वर्षी कॅनडातील टोरांटो येथील अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची शक्ती ज्यांच्यात कमी, ते अवघड कामात आरंभी मागे पडले; पण सराव आणि चुकांची दुरुस्ती मिळताच इतरांच्या बरोबरीस आले.

आमच्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता, असे सांगण्याचा मोह आम्हांस नाही. भोपळा तो भोपळाच. परंतु हाताची कला ही केवळ जन्माची देणगी नव्हे, आणि ती शिकण्याचे मोल रोग्याने देऊ नये, ही जाण दोन्हीकडे एकच आहे. साधने बदलतील, ही जाण मात्र सुटता कामा नये.