प्रतिलेखन : जनुकातील संदेशाची नक्कल

डीएनएमधील माहितीची आरएनएच्या रूपात नक्कल होण्याच्या प्रक्रियेस ‘प्रतिलेखन’ म्हणतात. आरएनए पॉलिमरेज हे विकर डीएनएचे दोन धागे विलग करून त्यांपैकी एकावरून आरएनए घडवते. त्यात थायमिनऐवजी युरॅसिल असते. या संदेशानुसार पेशीत प्रथिने तयार होतात.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध जिवाणूचे हेच विकर रोखते आणि प्रतिलेखन थांबवते. मात्र जिवाणूच्या ‘आरपीओबी’ जनुकात बदल झाल्यास औषध निष्प्रभ ठरू शकते. ‘सीबीनॅट’ चाचणीत हा बदल सुमारे दोन तासांत कळतो. क्षयरोग हवेतून पसरतो. त्यामुळे यंत्रमागनगरी भिवंडीतील कामतघरसारख्या दाट वस्तीत एका रुग्णाने अर्धवट सोडलेला सहा महिन्यांचा उपचार शेजाऱ्यांनाही धोक्याचा ठरतो.